भरदिवसा ओढलेला पडदा

"तुम्ही लोकांनी धडधडीत खोटं लिहिलंय!" हिल्डाबाईंनी नगर कौन्सिलचं पत्र घरी आलेल्या तरुण अधिकारीणबाईपुढे आपटलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई एकटी राहते, मेली तरी कुणाला पत्ता लागणार नाही, तेव्हा तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात हलवावं, असं त्यात लिहिलं होतं.

"तुमच्या काळजीपोटीच हो, आजी."

"काळजी? बस गप जरा." हिल्डाबाई उठल्या, सकाळी अकरा वाजता रस्त्याकडचा पडदा ओढला आणि येऊन निवांत खुर्चीत बसल्या. त्यांच्या टॅनर स्ट्रीटवर भरदिवसा पडदा ओढतात तो घरात कुणी वारलं तरच. त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोन मिनिटंही झाली नसतील. समोरचा ब्रायन अर्ध्या गालावर साबणाचा फेस तसाच ठेवून, स्वतःकडच्या किल्लीनं दार उघडून आत घुसला. मागोमाग शेजारची शगुफ्ता, हाताला पीठ, डोळ्यांना धार. दारात आणखी चौघं.

"मेलीस की काय गं, हिल्डा?" ब्रायन धापा टाकत ओरडला.

"अजून नाही रे मुडद्या. आलाच आहेस तर चहा टाक, आठ कप."

मग त्या अधिकारीणबाईकडे वळल्या. "इथे दोन मिनिटं लागली. तुमच्या त्या वृद्धाश्रमात मी खुर्चीत बसल्या बसल्या मेले, तर धावत कोण येईल आणि किती वेळानं? चहा होईस्तोवर बस, आणि उत्तर लेखी दे, पोरी."