रेघेच्या अलीकडे

शेफील्डमध्ये महिलांच्या जागतिक स्नूकरची अंतिम लढत शेवटच्या डावावर आली होती. थायलंडची चनिदा एकेक चेंडू जाळीत ढकलत होती आणि खुर्चीतली ब्रायनी नुसती चुळबुळत होती. त्यात तिची आई दारातच उभी. "बस ना, आई!" ब्रायनीचं सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. "मी बरी आहे इथं." आईच्या काळी गावातल्या क्लबात बायकांना स्नूकरच्या टेबलाभोवती जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेघेपुढे मज्जाव होता. आई तेवढी तीस वर्षं पहाटे कामाला म्हणून रेघेच्या आत जायची, चेंडू नीट धावावेत म्हणून टेबलाच्या हिरव्या कापडावर इस्त्री फिरवायची आणि पुरुष यायच्या आधी बाहेर पडायची. अखेरचा काळा चेंडू पडला. टाळ्या संपल्या, लोक पांगले. ब्रायनी जागची हलली नाही. तेव्हा आई निघाली. टेबलाभोवतीच्या गालिच्याच्या कडेशी, जणू तिथंही रेघ असावी तशी थबकली, मग टेबलापाशी जाऊन कापडावर हात फिरवत म्हणाली, "हरलीस ना? टेबल तरी मोकळं झालं. काठी दे, मला शिकव."