केडगावची सातवी खेप

"परत वाजला?" सुकन्यानं विचारलं.

"परत." करणनं हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. "निकिता मॅडमचा फोन हुता. लई वैतागल्यात बिचाऱ्या."

नगरात कॅमेरे आणि घरफोडीचे अलार्म बसवून द्यायचं त्या नवरा-बायकोचं छोटंसं दुकान होतं. करण बाहेरची कामं बघायचा, सुकन्या काउंटर सांभाळायची. बसवलेला कुठलाही अलार्म करणला चाचणीसाठी आपल्या मोबाईलवरून वाजवता यायचा. पंधरा दिवसांत केडगावच्या त्या एकाच घरची ही सहावी खेप. निकिताचा नवरा फौजेत, सिक्कीमला. ती घरी एकटीच, लोकांचे ब्लाउज शिवायची.

करणनं जाताना आरशात बघून भांग पाडला. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं जाताना तो इस्त्रीचा शर्ट घालत नसे.

"चोर न्हाई, मांजर न्हाई, मग वाजतो कशानं?"

"सेन्सर हाय तो. कशानंबी वाजतो."

सुकन्याला हे पटलं नाही. अलार्म चालू ठेवून दार उघडलं की भोंगा बोंबलतो, एवढं कुठल्याही बाईला कळतं. निकिताच मुद्दाम वाजवते, असं तिला वाटू लागलं. घास गोड लागेना. करण घरी गुणगुणत आला की तिला त्याच्या तोंडाकडं बघवेना.

चार दिवसांनी दुपारी, दाताच्या डॉक्टरकडं जाते म्हणून ती निघाली आणि रिक्षानं थेट केडगावला गेली.

दार निकितानंच उघडलं. गळ्यात टेप, केसांत दोऱ्याचे तुकडे. वाटलं होतं त्याहून ती लहान होती. देखणीही होती. सुकन्याला ते जास्तच लागलं.

"दुकानातून आलेय. अलार्म बघायला."

"बरं झालं बाई, तुम्ही आलात," निकिता म्हणाली आणि लगबगीनं तिच्यासाठी स्टूल घेऊन आली.

सुकन्यानं एकेक गोष्ट तपासली. सेन्सरच्या काचेवर कोळ्याचं जाळं नव्हतं. समोर पडदा हलत नव्हता. दाराचं चुंबक घट्ट होतं, बॅटरी नवी होती. तिनं अलार्म चालू केला आणि खुर्चीत बसली. निकिता शिलाई मशीनपाशी बसली. अर्धा तास गेला. काही वाजलं नाही.

"सगळं ठीक हाय," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज चढला. "मग खरं काय ते सांगा. तुम्हीच वाजवता ना? माझ्या नवऱ्याला बोलवायला?"

निकिताचा चेहरा पांढरा पडला. "तुमचा नवरा?" तिनं विचारलं.

तेवढ्यात सुकन्याचा मोबाईल वाजला. करण होता. तिनं मुद्दाम स्पीकर लावला. या बाईलाही ऐकू दे.

"झालं का दाताचं?" करणनं विचारलं. "ऐक, जेवायला थांबू नको. निकिता मॅडमचा आत्ताच फोन आला. अलार्म बंदच हुईना म्हणत्यात. मी केडगावला निघालोय."

सुकन्यानं समोर पाहिलं. निकिताचे दोन्ही हात मांडीवर होते. तिचा मोबाईल लांब, खिडकीत चार्जिंगला. घरात पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता.

पलीकडून करणनं फोन ठेवला. आणि मग भिंतीवरचा भोंगा वाजायला लागला.