सात खुणा

ओंडक्याखाली पिठासारखा भुसा पडला होता. सुतारानं तो चिमटीत घेऊन चोळला. साल पोखरणारे भुंगेरे!

आता यात नवल ते काय? झाड मेलं की साल लगेच सोलावी, हे त्यानंच अख्ख्या बाजाराला ओरडून सांगितलं होतं. "साल ठेवलीत म्हणजे भुंगेऱ्यांना आयतं घर बांधून दिलंत," असं म्हणत तो गिऱ्हाइकांना झापायचा. आणि स्वतःच्या अंगणातलं झाड वाळलं, तेव्हा या पठ्ठ्यानं बुंधा सालीसकट आणून कारखान्याच्या भिंतीशी उभा केला. कारण सालीवर लेकीच्या उंचीच्या सात खुणा होत्या. दर वाढदिवसाला एक. आठव्या वाढदिवसापर्यंत पोर राहिलीच नाही.

बायको चहा घेऊन आत आली.

"अहो, हे काय सांडलंय?"

त्यानं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"मग औषध मारा ना काहीतरी."

"उशीर झाला गं. आतून सगळी खाल्लीय. साल काढायला हवी, नाहीतर बाकीचं लाकूडही जाईल."

"आणि खुणा?"

"अख्खी साल उचलतो. फळीवर चिकटवून ठेवू."

त्यानं पटाशी उचलली. चाळीस वर्षं हातात धरलेली पटाशी! बायकोनं दोन्ही तळवे खुणांवर दाबून साल धरली. त्यानं कडेनं पटाशी आत सरकवली. अजून थोडी. साल हलली आणि तिच्या बोटांमधून चुरा होऊन घरंगळली. हातात चार तुकडे उरले. कुठला कुठल्या वर्षाचा, कोण सांगणार?

ती खाली बसून तुकडे जुळवायला लागली. जुळेनात. मग एकदम उठली.

"अहो, खाली लाकडावर उमटल्या असतील की! तुम्ही पटाशीनंच कापल्या होत्या ना?"

तो तेच शोधत होता. लाकडावर भुंगेऱ्यांच्या रेघाच रेघा होत्या. पटाशीची एकही नव्हती. त्याला पोरगी दिसली, झाडाला पाठ टेकून ताठ उभी, डोक्यावर त्यानं काटकोनी गुण्या आडवा धरलेला.

"दर वर्षी तिचं एकच पालुपद असायचं," तो म्हणाला. "'बाबा, हळू, झाडाला दुखेल.' म्हणून मी वरवरच कापलं गं. लाकडापर्यंत पटाशी जाऊच दिली नाही."

आणि तो हमसून हमसून रडला.  त्याचं रडणं थांबेपर्यंत बायको त्या रेघांकडे बघत राहिली.

"या कसल्या वाटा?" तिनं विचारलं.

त्यानं नाक पुसलं. "मधली सरळ वाट आईची. तिच्या कडेनं ती अंडी घालत जाते. बाजूच्या बारक्या वाटा पिल्लांच्या. पिल्लू वाढतं तशी वाट रुंद होते. पंख फुटले की शेवटच्या खळग्यातून उडून जातं."

तिनं एका वाटेवर बोट ठेवलं. दोऱ्याएवढी सुरू झालेली वाट हळूहळू रुंदावत गेली होती आणि एका छोट्याशा खळग्यापाशी संपली होती. खळगा रिकामा होता.

"हे झालं मोठं," ती म्हणाली.