मोजा चढेना

डावा मोजा पोटरीशी येऊन अडला तो अडलाच.

उजवा केव्हाच चढला होता. नवरा फरशीवर मांडी ठोकून बसला होता, बायकोची टाच त्याच्या गुडघ्यावर होती, आणि सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन, परीक्षेच्या वर्गात बाईंनी बघावं तशा जावयाकडे बघत होत्या.

पोट चिरून बाळंतपण झालं होतं. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी हे मोजे दिले होते, आणि रोज घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं. मोजे असे करकचून बसायचे की पहिल्या दिवशी नर्सच्याही नाकी नऊ आले. मग नवरा पुढे झाला. त्याचं टायरचं दुकान होतं. हट्टी टायर रिंगवर चढवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. मोजा उलटा करायचा, आधी टाच बसवायची, मग कड धरून हलक्या हाताने वर सरकवायचा. गेले आठ दिवस तीन मिनिटांत दोन्ही पाय तयार होत होते.

चालण्याचं मात्र कठीण होतं. सासूबाईंनी आपल्या तिन्ही बाळंतपणांत सव्वा-सव्वा महिना पलंग सोडला नव्हता, आणि त्याचा त्यांना पदक मिळाल्यासारखा अभिमान होता. जावई दुकानाला निघाला की लेकीच्या सपाता कपाटावर जायच्या.

"धुताना आटला असेल," सासूबाई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि उजव्या पायाचा मोजा काढून डाव्या पायात चढवून पाहिला. तोही तिथेच अडला. डाव्याचा उजव्या पायात घातला. तो सरसर वर गेला. म्हणजे दोष मोज्यात नव्हता.

तो उठला, दारातल्या बुटाची लेस ओढून घेऊन आला. गुडघ्याखाली चार बोटांवर उजव्या पोटरीला लेस गुंडाळून खुणेची गाठ मारली, मग तीच लेस डाव्या पोटरीला लावली. दोन बोटं कमी पडली. त्याने तळहात टेकवून पाहिला. डावी पोटरी कोमट होती, उजवी गार. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, कालपासून ठणकतेय, पण पडून पडून अवघडली असेल म्हणून बोलले नाही.

सासूबाईंकडे उपाय तयार होता. नातवाला पाळण्यात ठेवून त्यांनी तेलाची वाटी कोमट करून आणली, बांगड्या मागे सारल्या आणि लेकीच्या पायाशी बसल्या. असे कितीतरी पाय आपण चोळून सरळ केलेत, सूज संध्याकाळपर्यंत उतरेल, असं त्यांनी जाहीर केलं.

चार वर्षांत जावई त्यांच्यापुढे "हो आई" याच्यापलीकडे गेला नव्हता. नातेवाइकांत त्या त्याची ओळख "गाड्यांच्या धंद्यात आहेत" एवढीच करून द्यायच्या, तेव्हाही तो "हो आई"च म्हणायचा.

"आई, त्या पायाला हात लावायचा नाही," तो म्हणाला.

वाटी हवेतच राहिली.

"आत गुठळी असली तर चोळून ती सुटेल आणि वर छातीकडे जाईल. नर्सनी सांगितलं होतं. आपण आत्ता दवाखान्यात जातोय."

सासूबाईंना वाचा फुटायला वेळ लागला, पण फुटली ती जिना संपेपर्यंत थांबली नाही. जावई बायकोला उचलून पुढे, बायको शेजाऱ्यांच्या लाजेने त्याच्या खांद्यात तोंड खुपसून, आणि मागे बाळ, पिशवी, दुपटी सांभाळत सासूबाई. चाकं ठोकणाऱ्यांनी आता बाळंतिणी बघायच्या म्हणजे आम्ही म्हाताऱ्या बायकांनी पंक्चर काढायला बसावं, असं त्यांचं थोडक्यात म्हणणं होतं.

दवाखान्यात लेस बघून डॉक्टरीणबाईंना हसू आलं. मग त्यांनी पोटरीला हात लावला आणि हसू गेलं. लगेच सोनोग्राफी झाली. गुठळी होती, पण लहान होती, अजून पोटरीतच होती. वेळेत आलात, त्या म्हणाल्या, आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं तिथल्या तिथे सुरू केली.

"पाय कोणी चोळला तर नाही ना?"

नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"मी चोळणार होते," सासूबाई म्हणाल्या. "जावयांनी हात लावू दिला नाही."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी चालायला परवानगी दिली, आणि सासूबाईंनी ते काम अंगावर घेतलं. लेकीचा दंड धरून त्या वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारायला लागल्या. येता-जाता इतर बाळंतिणींना उठवायच्या, त्यांच्या आयांना खडसवायच्या, पलंगाला खिळवून पोरीला मारायची आहे का, असं विचारायच्या. तिसऱ्या दिवशी नर्सनेच त्यांना हात जोडून खाली बसायला सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी नवरा दुकानातून डबा घेऊन आला तेव्हा लेक झोपली होती, बाळही झोपलं होतं. सासूबाईंनी खोलीचं दार ओढून घेतलं. स्टूल सरकवून त्याच्यासमोर बसल्या, भिंतीकडे बघत दोन्ही पाय पुढे केले आणि आवाज खाली आणला.

"जावईबापू, वर्ष झालं, माझाही एक जड पडतो. कुठला ते मी सांगत नाही, तुम्हीच ओळखा. आणि हिला यातलं काही कळता कामा नये."