फाटकावरचा धक्का

सोमेश्वरच्या नव्या हायब्रिड डिझेल पिकअपचं इंजिन गाडी थांबली की आपोआप बंद व्हायचं आणि ब्रेकवरचा पाय काढला की आपोआप चालू व्हायचं. धक्का मारल्याशिवाय चालू न होणारी जुनी पिकअप विकल्यापासून तिला धक्का मारणारे त्याचे वडील काकासाहेब घरातच बसून असायचे. एकदा त्यानं त्यांना बळंच परतूरला नेलं.

रेल्वे फाटकावर इंजिन गप झालं. "पडली ना बंद," म्हणत काकासाहेब उतरले आणि मागून धक्का मारू लागले. तेवढ्यात फाटक उघडलं, सोमेश्वरनं पाय उचलला आणि गाडी चालू झाली.

काकासाहेब धापा टाकत, पण खुशीत येऊन बसले. "आता मी रोज संगं येत जाईन. एकट्याला तुला जमायचं न्हाई."

"बराबर हाय, आबा."

महिन्याभरानं शोरूममधून फोन आला, "हायब्रिडमुळं काही फरक पडला का?"



"लई पडला. आमचे आबा रोज घराबाहेर पडाया लागले."