माहेरचं पाणी

दौंडजवळच्या परदेशी कंपनीच्या सांडपाण्यानं विहिरी नासल्या, अशी गावाची तक्रार होती. म्हणून देवळापुढं सभा भरली. गोरा साहेब इंग्रजीत बोलायचा आणि कंपनीतला मल्हार ते मराठीत सांगायचा. मल्हार याच गावचा जावई.

"पाणी तपासलंय. प्यायला चांगलं आहे," मल्हारनं सांगितलं.

त्याचे सासरे आण्णा उठले. "पाव्हणं, धनश्रीला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. उद्या न्यायला येऊ का?"

मल्हारची मान खाली गेली.

"काय म्हणतायत?" साहेबानं विचारलं.

"माझ्या बायकोला बाळंतपणाला इथं बोलावतायत."

साहेब हसला. "मग हो म्हणा की."

सारं गाव मल्हारच्या तोंडाकडं बघत होतं.