बाविसावा मजला

"घरी नको," खिन सान म्हणाली आणि बॅग तिनं पायानं पुन्हा ओट्याखाली ढकलली. जणू बॅग आत राहिली की तीही राहील.

सिओक एंग म्हातारीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर घरकामाला पोरी पुरवणाऱ्या एजन्सीची मिस फू घड्याळ बघत बसली होती. टेबलावर दोन कागद होते. एकावर पोरगी परत म्यानमारला, दुसऱ्यावर दुसऱ्या मालकाकडे. मुलानं कामावर जाताना दोन्हींवर सही करून ठेवली होती आणि कुठला द्यायचा ते आई तू बघ म्हणाला होता. अवघड असेल ते आईनं बघायचं, ही या घरची रीतच.

पोरगी येऊन नऊ दिवस झाले होते. कामाला खोट नव्हती. नात तर आईला सोडून हिच्याकडे झेपावायची. पण घर चौदाव्या मजल्यावर, आणि खाली नजर गेली की हिच्या पायांतलं बळच जायचं. खिडकीबाहेर बांबू काढून कपडे वाळत घालायचे, तर ही डोळे मिटून ओले कपडे छातीशी धरून फरशीवर बसायची. सिओक एंगनं खिडक्यांना जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवली. गॅलरीतून भिंतीला हात लावून चालायला शिकवलं. एकदा वैतागून विचारलंही, की अगं, तुमच्याकडची घरं बांबूच्या खांबांवरच असतात ना?

"खाली पाणी असतं, आह मा," पोरगी मोडक्यातोडक्या बोलीत म्हणाली होती. "पडलं तर पोहायचं."

नात अजून बोलत नव्हती, पण खिन सान तिच्या वतीनं म्हातारीला 'आह मा' म्हणायला लागली होती. आजी. म्हातारीनं तिला अडवलं नव्हतं.

आणि काल दहा महिन्यांची नात उघड्या दारातून रांगत बाहेर सुटली. लांबलचक गॅलरी, टोकाला जिना. खिन सान उंबऱ्यावर गुडघे टेकून नुसती हाका मारत राहिली, पुढे काही सरकेना. शेजारच्या मलय बाईनं पोर पहिल्या पायरीशी उचललं. संध्याकाळी सुनेनं आवाज न चढवता सांगितलं, हिला उद्या पाठवा. सुनेचं एकही वाक्य सिओक एंगनं आजवर धड पुरं होऊ दिलं नव्हतं. काल होऊ दिलं.

"तळमजल्यावरचं घर बघा तिच्यासाठी," ती आता मिस फूला म्हणाली. "बाग-बिग असलेलं. अशी घरं काय कमी आहेत?"

"आहेत ना, आंटी. पण बंगलेवाल्यांना इंग्रजी बोलणारी, चार वर्षं कुठंतरी टिकलेली बाई लागते. नवीन पोरी तुमच्यासारख्यांकडे येतात, आणि तुमच्यासारखे वर राहतात."

दुसरं काहीच नाही का, म्हणून सिओक एंगनं तीन वेळा विचारलं. तीन वेळा मिस फूनं वही उलटली. एकच जागा होती. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा, त्याचं करायचं. माणसं बरी होती. बाविसावा मजला.

"त्यापेक्षा घरी गेलेली बरी," सिओक एंग म्हणाली.

"घरी नको," पोरगी दारातून पुन्हा म्हणाली. तिला कळत किती होतं देव जाणे, पण 'घरी' एवढं कळत होतं. ती रडत नव्हती. तिनं कडेवरची नात म्हातारीच्या पाठीवर दिली, कापडाचे पट्टे खांद्यांवरून घेतले, कमरेशी घट्ट गाठ मारली आणि गाठ ओढून तपासली. मग म्हातारीकडे अशी बघत उभी राहिली, की सिओक एंगनं दुसरा कागद मिस फूपुढे सरकवला.

"तुम्हीच सांगा तिला," मिस फू उठत म्हणाली. "तुमचं ऐकते."

गॅलरीतून निघताना सिओक एंग कठड्याच्या बाजूनं चालली. मधे तिचं रुंद अंग, पाठीवर नात, पलीकडे भिंतीला घासत पोरगी. लिफ्टपर्यंत अकरा दारं. प्रत्येक दाराशी पोरगी थांबायची आणि सिओक एंगही थांबायची. वाटेत तिनं वाफवलेल्या पावांची पिशवी बॅगेत कोंबली आणि दटावलं, की तिथं पोटाला मारू नकोस, मागून खा, तुझी ती मुकाट बसायची खोड इथंच ठेवून जा.

लिफ्टसमोरच्या बंदिस्त जागेत आल्यावर खिन साननं डोळे पुरते उघडले. बोट वर केलं आणि विचारलं, "ते घर, आह मा. किती?"

आकडे दोघी बोटांवरच सांगायच्या. दुधाचे चमचे किती, भाताला वाट्या किती, सगळं बोटांवर. सिओक एंगनं दोन्ही पंजे वर करून उघडले. दहा.

पोरगीनं बोटं एकेक करून मोजली आणि तिचा चेहरा सैल पडला. "दहा," ती म्हणाली. "इथल्याहून खाली." मग चपला काढून ती फरशीवरच बसली, हात जोडून कपाळाला लावले आणि वाकून तीनदा डोकं टेकलं. आपल्या गावी घर सोडताना थोरांना करत असेल तसं.

मिस फू लिफ्टचं दार हातानं अडवून उभी होती. तिनं एकदा म्हातारीच्या हातांकडे बघितलं आणि मान फिरवली.

दहा बोटं मिटून पुन्हा उघडायची होती, आणि वर आणखी दोन. पण पोरगीचं डोकं पायाशी होतं, पाठीवर नात हुंकारत होती, आणि सिओक एंगची बोटं काही केल्या मिटेनात.